तारेवरचा डॉक्टर आणि पोस्टमास्तरचे हात

आमच्या लहानपणी दारात तारवाला आला की आधी घरात रडारड सुरू व्हायची आणि मग कुणीतरी तार वाचायचं. पुष्कळदा ती मुलाखतीची असायची, नाहीतर कुणाला मुलगा झाल्याची. पण तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे मनात पक्कं बसलेलं. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली तेव्हा माझ्या पिढीला वाईट वाटलं, आणि थोडं हायसंही वाटलं असावं.

आज त्या तारेबद्दलच बोलायचं आहे. दूर कुठेतरी असलेल्या रोग्यावर डॉक्टरने आपल्या जागेवरून उपचार करायचे, ज्याला आज टेलिमेडिसिन म्हणतात, ही कल्पना मोबाइलबरोबर आली असं आपल्याला वाटतं. लॉकडाऊनमध्ये ती आपल्या घरापर्यंत पोचली, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण ती तारेबरोबर आली, आणि तिच्या पहिल्या पन्नास वर्षांत जे प्रश्न निघाले तेच आजही आपल्यासमोर आहेत. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. तेव्हा व्याख्यानानंतर कृपया कुणी मला गुडघे दाखवू नका.

सुरुवात आपल्याच घरातून करू. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोगी तपासायचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बघायचं, हात लावायचा, विचारायचं. मला ही विभागणी फार उपयोगी वाटते, कारण तिच्यावरून डॉक्टर दूर गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे लगेच कळतं. तारेवरून दर्शन जातं, स्पर्शन जातं, फक्त प्रश्न उरतो. व्हिडिओवर दर्शन थोडंफार परत मिळतं. स्पर्शन मात्र काही केल्या मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, यंत्रं आहेत ना. आहेत. डॉक्टर आणि रोगी यांच्यात पहिलं अंतर यंत्रानेच पाडलं. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्याने कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं, आणि त्याला जास्तच स्पष्ट ऐकू आलं. हाच स्टेथोस्कोप. अंतर म्हणाल तर वीतभर. मग १९०५ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात आइंटहोवेनने ते दीड किलोमीटर केलं. त्याचं इसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं की ते रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं. म्हणून रोगी रुग्णालयात, हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसलेला, आणि टेलिफोनच्या तारेवरून त्याच्या हृदयाची स्पंदनं प्रयोगशाळेत. याच इसीजीसाठी आइंटहोवेनला १९२४ चं नोबेल मिळालं. पण लायडनचा रोगी रुग्णालयातच होता, बरं का. त्याच्या उशाशी डॉक्टर होते, परिचारिका होत्या. खरी गोष्ट सुरू होते ती जिथे उशाशी कुणीच नसतं तिथे. त्यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावं लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ॲडलेडपासून उत्तर टोकापर्यंत, मधलं वाळवंट ओलांडून, १८७२ मध्ये तार टाकून झाली. वाटेत ठाणी होती, एकेका ठाण्यात मूठभर माणसं. त्यातलं एक बॅरो क्रीक. २२ फेब्रुवारी १८७४ च्या संध्याकाळी तिथल्या केटेट्ये आदिवासींनी ठाण्यावर हल्ला केला. ठाण्याचा प्रमुख स्टेपलटन भाल्याने गंभीर जखमी झाला. जवळचा डॉक्टर म्हणजे ॲडलेडला, साधारण दीड हजार किलोमीटरवर. तिथल्या तार ऑफिसात डॉक्टरला बोलावून आणलं आणि तारेवरून विचारणा झाली. उपयोग झाला नाही. मग स्टेपलटनच्या बायकोला तार ऑफिसात आणलं, आणि नवराबायकोचं शेवटचं बोलणं त्या तारेच्या कडकट्टावर झालं. तो दुसऱ्या दिवशी गेला.

ही गोष्ट सहसा इथे थांबवतात, डोळे पुसतात आणि पुढे जातात. मला तसं करणं बरोबर वाटत नाही. नंतर जी सूडमोहीम निघाली तिच्यात कितीतरी केटेट्ये मारले गेले. तारेचं ठाणं त्यांच्याच जमिनीवर, त्यांच्याच पाण्यापाशी उभं होतं. त्या मुलखात जखमी माणसं दोन्ही बाजूंना होती, पण ॲडलेडच्या डॉक्टरला तारेने बोलावलं ते एकासाठीच. ‘दुर्गम भाग’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. केटेट्ये काही दुर्गम भागात राहत नव्हते, ते आपल्या घरी राहत होते. दुर्गम होता तो ॲडलेडहून पाहणाऱ्याला. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुन्हा लागेल.

आता १९१७. जागा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतलं हॉल्स क्रीक. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला, पोटात जबर मार बसला. सोबत्यांनी त्याला गाडीत घालून, तासन् तास खडखडत, हॉल्स क्रीकला आणलं. गावात डॉक्टर नाही. पोस्टमास्तर होता, टकेट नावाचा. त्याने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं आणि तार पाठवता येत होती, एवढ्यावर तो गावचा वैद्य. टकेटने पर्थला डॉक्टर हॉलंड यांना गाठलं. मोर्सच्या खुणांनी प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुठे दुखतं, लघवी होते का, ताप किती. हॉलंडने एवढ्यावरून निदान केलं: मूत्राशय फाटलं आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल.

कोण करणार? पोस्टमास्तर.

टकेटकडे हत्यार म्हणजे खिशातला चाकू. जंतुनाशक म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पटकीच्या साथीत आपल्याकडे विहिरीत टाकत ते जांभळं औषध. भूल द्यायला काही नाही. टकेट म्हणत होता की माझ्या हातून हा माणूस मरेल. हॉलंडचं उत्तर साधारण असं होतं की तू काहीच केलं नाहीस तर तो त्याआधीच मरेल. डार्सीला टेबलाला बांधलं, आणि पर्थहून येणाऱ्या टिकटिकीबरहुकूम पोस्टमास्तरने कापलं. काम तासन् तास चाललं. डार्सी वाचला. त्या घटकेपुरता तरी वाचला.

मग त्याची तब्येत पुन्हा बिघडली, आणि हॉलंडने स्वतः जायचं ठरवलं. रस्त्याने मोजलं तर अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर. गुरं वाहणारी बोट, मग फोर्डची मोटार, मग घोडागाडी आणि उरलेलं पायी, असा दहाएक दिवसांचा प्रवास करून ते पोचले. डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. हॉलंडने तपासलं तेव्हा पोस्टमास्तरची शस्त्रक्रिया नीट झालेली दिसली. मृत्यू आला होता मलेरियाने आणि आंत्रपुच्छातल्या गळवाने.

ही हकीकत मी बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती धाडसकथा वाटली होती. आता वाटत नाही. त्यात ज्ञानमीमांसेचा एक प्रश्न आहे. प्रश्न ही परीक्षा जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर आणते. हॉलंड हुशार होते, त्यांनी मूत्राशयाबद्दल अचूक विचारलं आणि अचूक उत्तर मिळालं. पण खाटेशेजारी बसलेल्या डॉक्टरला न विचारलेलंही कळत असतं. त्वचेचा रंग, हुडहुडी, पोटाच्या उजव्या कोपऱ्यात हात लागताच आक्रसणारा चेहरा. तारेच्या या टोकाला असलेल्या माणसाला काय विचारायचं हे सुचलं पाहिजे, आणि त्या टोकाच्या माणसाला न विचारता काय सांगायचं हे सुचलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि तिचं शिक्षण कुणाला द्यावं असं कुणाच्या फारसं मनात येत नाही.

आणखी एक. टकेटने ज्याच्याकडे प्रथमोपचाराचे धडे घेतले होते तो शिक्षक म्हणजे हे हॉलंडच. म्हणून तर टकेटने त्यांना गाठलं. म्हणजे ते हात हॉलंड यांनी आधी काही वर्षं घडवले होते. तार त्यानंतरची.

डार्सीची बातमी देशभर गाजली, महायुद्ध चालू असताना. जॉन फ्लिन नावाचा एक प्रेस्बिटेरियन पाद्री अंतर्भागातल्या लोकांसाठी आधीपासूनच काही करू पाहत होता. त्याला त्याच वर्षी क्लिफर्ड पील या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने पत्र लिहून विमानाची कल्पना सुचवली. पील पुढच्या वर्षी युद्धात मारला गेला, आपल्या पत्राचं काय झालं हे न कळताच. १७ मे १९२८ ला क्लोनकरीहून फ्लाइंग डॉक्टरचं पहिलं विमान उडालं.

विमान दिमाखदार असतं, त्याचे फोटो येतात. पण विमान बोलावणार कसं? गुराखीवस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटरवर. वीज नाही, टेलिफोन नाही. इथे ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने १९२९ च्या सुमारास जे केलं ते मला विमानापेक्षा मोठं वाटतं. त्याने पायडलवर चालणारा रेडिओ बनवला. शिवणयंत्रासमोर बसावं तसं बसायचं, पायांनी पायडल मारून वीज तयार करायची, हात मोकळे. सुरुवातीला वस्तीवरून मोर्सच्या खुणाच पाठवाव्या लागत आणि वस्तीवरच्या बायकांना ते जमेना. तेव्हा त्याने टाइपरायटरसारखा कळफलक जोडला. अक्षर दाबलं की मोर्सची खूण आपोआप जाई. आवाज जाऊ लागला तो त्याच्याही नंतर. बघा, यंत्र सुधारलं ते डॉक्टरच्या टोकाला नाही, स्वयंपाकघरातल्या बाईच्या टोकाला.

आणि मग पेटी. १९४२ मध्ये ल्युसी गार्लिक या परिचारिकेने वस्त्यांवरच्या औषधपेट्या एकसारख्या केल्या आणि प्रत्येक औषधाला नंबर दिला. आता रेडिओवरून लांबलचक लॅटिन नावं उच्चारायला नकोत, अमुक नंबरच्या गोळ्या इतक्या वेळा, एवढं सांगितलं की झालं. शरीराचं चित्रही असे, भागाभागाला नंबर घातलेलं, म्हणजे कुठे दुखतं तेही नंबरानेच सांगायचं. तिकडे एक किस्सा सांगतात. डॉक्टरने नऊ नंबरचं औषध द्यायला सांगितलं. नऊ नंबर संपलेलं होतं. मग त्या माणसाने चार नंबर आणि पाच नंबर मिळून दिलं! खरा असो नसो, किस्सा चांगला आहे. नंबराने औषध पोचतं, समज पोचत नाही.

रेडिओचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे लहरी सगळ्यांच्या. आपली मूळव्याध डॉक्टरला सांगायची म्हणजे शेकडो मैलांतल्या प्रत्येक वस्तीला सांगायची. आज आपण गोपनीयतेचा फार विचार करतो आणि केलाच पाहिजे. पण त्या उघडेपणातून एक शिक्षणही होत होतं. शेजारणीच्या मुलाला घटसर्पासारखं काही झालं तर डॉक्टर काय विचारतो, हे ऐकून दहा बायका शिकत.

आता तो बाजूला ठेवलेला मुद्दा. पायडल-रेडिओ आणि पेटी असे ते गोऱ्या मालकाच्या घरात, नाहीतर मिशनमध्ये. त्याच वस्तीवर गुरं राखणाऱ्या आदिवासींना डॉक्टरचा आवाज ऐकायचा तर मालकाच्या दारातून. मालक भला असेल तर भलं. सेवा मोफत होती, विमान कुणासाठीही उडत असे. पण बोलावण्याचा अधिकार मात्र यंत्राशेजारी बसणाऱ्याकडे होता.

याच्या उलट केलं ते अलास्काने, म्हणून थोडं तिकडे जाऊ. तिथली मूळनिवासी गावं बर्फात विखुरलेली, बहुतेकांना रस्ताच नाही. क्षयाच्या साथीत, १९५० च्या दशकात, गावातल्याच माणसांना औषधं वाटायला शिकवलं गेलं. त्यातून आरोग्य-साहाय्यकांची योजना उभी राहिली आणि १९६८ मध्ये तिला सरकारी पैसा मिळाला. हे साहाय्यक, त्यांत बायकाच जास्त, ठरलेल्या वेळी रेडिओवरून डॉक्टरशी बोलत. पण उत्तरेतलं आकाश लहरी असतं, ध्रुवप्रकाशाच्या दिवसांत रेडिओ दिवसचे दिवस बंद. मग १९७१ पासून नासाचा एटीएस-१ हा उपग्रह वापरून सव्वीस गावं जोडली. चित्र नाही, फक्त आवाज. आणि तरीही डॉक्टरशी होणारा संपर्क कितीतरी पटींनी वाढला. कारण आवाज ऐकणारी व्यक्ती त्याच गावची होती, तीच भाषा बोलणारी, आणि तिला काय करायचं हे थोडं आधी शिकवलेलं होतं.

इथे कुणीही म्हणेल, सर, आपल्याकडचं काही सांगा. सांगतो. पण आपल्याकडचं जे उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं त्यात तारही नाही आणि उपग्रहही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केलं. बालमृत्यू बघून त्यांच्या लक्षात आलं की नवजात बाळ रुग्णालयापर्यंत नेलंच जात नाही. मग गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो. पण मोठे आकडे न येणाऱ्या सुइणीने मोजायचे कसे? त्यासाठी वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेलं एक साधं साधन त्यांनी केलं. पुढे आरोग्यदूत झालेल्या बायका घरी जाऊन बाळ तपासू लागल्या, गरज पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देऊ लागल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

म्हणजे तार नसली आणि हात असले तर इतकं होतं. तार असली आणि हात नसले तर काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरीच्या एका प्रकरणात बाळंतपणानंतर त्रास होऊ लागलेल्या बाईंना पुन्हा दाखल केलं तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हते. उपचार फोनवरच्या सूचनांवर झाले. त्या वाचल्या नाहीत. २०१८ मध्ये अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने निदान न करता औषध सांगण्याला दंडनीय निष्काळजीपणा म्हटलं. डॉक्टरमंडळी घाबरली, फोनवर साधा सल्ला द्यायलाही कचरू लागली. मग कोविड आला, आणि २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. काल जे धोक्याचं होतं ते आज नियमात बसलं. त्या निकालामागची भीती मात्र खोटी नव्हती, असं माझं मत आहे.

सरकारच्या ई-संजीवनीचे आज दोन प्रकार आहेत. एकात तुम्ही घरून थेट डॉक्टरशी बोलता. दुसऱ्यात रोगी गावच्या आरोग्यकेंद्रात जातो, तिथला आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब बघतो, पोट तपासतो आणि मग तोच पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलतो. बहुसंख्य सल्ले या दुसऱ्या मार्गाने होतात. जाहिरातीत मात्र आपल्याला पहिलाच दिसतो: सोफ्यावर बसलेलं हसरं कुटुंब आणि हातात फोन.

आता थोडं घरचं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, राजापूर तालुक्यात एका वाडीत राहते. लॉकडाऊनमध्ये तिचे पाय सुजले. भाच्याने शहरातल्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. त्यांनी पाय पाहिले, वय विचारलं, वयोमानाने होतं म्हणाले, पाय उशीवर ठेवून झोपा म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. पडद्यावर त्यांना दोन पाय दिसले, ते सुजलेले होते, बस्स. आठ दिवसांनी वाडीतली आशाताई सर्व्हेला आली. तिने कुणी न सांगता अक्काच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ‘आजी, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का?’ लागत होता. अक्काने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आशाताईने केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला, लघवी वाढवणारी गोळी त्याच दिवशी सुरू झाली आणि दोन दिवसांनी रत्नागिरीला नेऊन हृदयाची तपासणी झाली. अक्का आज ब्याऐंशीची आहे आणि मला रोज फोनवर ओरडते.

त्या फोनचंही सांगायला हवं. अक्काच्या अंगणात रेंज नाही. आशाताई बोलायला शाळेमागच्या चढावर गेली होती, पावसात, पदराखाली फोन धरून. पायडलवाल्या रेडिओपासून नव्वद वर्षांनी. तिला सरकारच्या कागदावर स्वयंसेविका म्हणतात, पगार नाही, कामागणिक मोबदला आहे आणि तो थकला की त्या मोर्चा काढतात. अशा एका मोर्चाची बातमी मी अक्काला वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, ‘मग त्या दिवशी माझा पाय दाबला त्याचे हिला किती मिळाले?’ मी नंतर आशाताईला विचारलं. ती हसली. त्या कामाचा रकानाच नाही, म्हणाली.

बरं. वेळ झाली आहे, तुमचे प्रश्न घेऊ.